कार्ल मिशाएल त्सीरर : व्हिएन्नाच्या रेजिमेंटचे बँडमास्टर आणि त्यांच्या ऑपेरेट्टा

प्रश्न असा आहे : व्हिएन्नाच्या नववर्ष मैफलीची सुरुवात 2019 साली ज्या 'श्यॉनफेल्ड मार्च'ने, म्हणजे सैनिकी चालीच्या रचनेने, झाली, त्याचे संगीतकार कार्ल मिशाएल त्सीरर कोण होते, ते मुळात लष्करी बँडचे की रंगभूमीचे, त्यांना वाल्ट्झ या तीन मात्रांच्या जोडीनृत्याच्या संगीतासाठी गाजलेल्या (धाकट्या) योहान स्ट्राउस यांचे अनुकरण करणारे म्हणावे का, आणि त्यांचे काही हौशी बँडला बसवता येईल का. प्रश्नकर्ता स्वतः क्लॅरिनेट वाजवणारा आहे, म्हणून उत्तर थोडे वाजवणाऱ्याच्या बाजूने देतो. लष्करी बँडमध्ये आधी क्लॅरिनेटवादक आणि पुढे बँडमास्टर म्हणून माझी तीस वर्षांहून अधिक सेवा झाली. पचमढीला संगीताचे शिक्षण घेताना त्सीरर यांचा पहिला मार्च मी वाजवला, आणि तेव्हापासून हा माणूस मला जवळचा वाटत आला आहे.

आधी नावाविषयी. आपल्याकडे 'झीरर' असे लिहिलेले आढळते, पण जर्मन भाषेत त्या पहिल्या अक्षराचा उच्चार 'त्स' असा होतो. मराठी माणसाला तो अवघड जाण्याचे कारण नाही, कारण 'चमचा'मधल्या दंत्य 'च'च्या तो अगदी जवळ आहे.

त्सीरर यांचा जन्म 2 मे 1843 रोजी व्हिएन्नात झाला. वडील टोप्या बनवणारे, धंदा चांगला चाललेला, आणि मुलानेही तोच धंदा शिकावा ही घराची अपेक्षा. संगीतात ते आले ते एका प्रकाशकाच्या रागामुळे, असे म्हटले तर फारसे चूक होणार नाही. कार्ल हास्लिंगर हे व्हिएन्नातले मोठे संगीत प्रकाशक स्ट्राउस कुटुंबाच्या रचना छापत असत. त्यांचे स्ट्राउस बंधूंशी बिनसले, तेव्हा त्यांनी स्ट्राउस यांच्यासमोर उभा करता येईल असा तरुण शोधला आणि वीस वर्षांच्या त्सीरर यांच्यावर पैसा व प्रसिद्धी दोन्ही लावली. 21 नोव्हेंबर 1863 रोजी डायनाबाड सभागृहात त्यांचा पहिला जाहीर कार्यक्रम झाला. हे सभागृह म्हणजे मुळात पोहण्याचा तलाव. हिवाळ्यात त्यावर फळ्या टाकून नाचाचा दिवाणखाना केला जाई. सव्वातीन वर्षांनी, 1867 च्या फेब्रुवारीत, स्ट्राउस यांचा 'निळ्या डॅन्यूब'चा वाल्ट्झ पहिल्यांदा याच जागी वाजला. स्ट्राउस यांचा प्रतिस्पर्धी ही ओळख त्सीरर यांना अशी पहिल्या दिवसापासून बाहेरून चिकटवली गेली होती आणि ती आयुष्यभर निघाली नाही.

माझ्या मते त्यांना समजून घ्यायचे असेल तर ही ओळख थोडी बाजूला ठेवून रेजिमेंटच्या बँडकडे पाहावे लागते. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या पायदळातल्या रेजिमेंटचा बँडमास्टर हा आपल्याकडच्यासारखा शिपायातून चढत गेलेला अधिकारी नसे. बहुधा तो करारावर नेमलेला मुलकी संगीतकार असे, आणि बँडच्या खर्चाचा मोठा भार रेजिमेंटचे अधिकारी आपल्या पगारातून वर्गणी काढून उचलत. ती वर्गणी कमी पडू नये म्हणून बँडला बाहेरची कामे घ्यावी लागत : उद्यानांतल्या मैफली, उपाहारगृहांतले कार्यक्रम आणि हिवाळ्यातले बॉल, म्हणजे सामूहिक नृत्याचे समारंभ. त्यामुळे अनेक वादकांना दोन वाद्ये यावी लागत. सकाळी परेडवर जो क्लॅरिनेट किंवा ट्रम्पेट वाजवी, तोच रात्री व्हायोलिन किंवा व्हिओला घेऊन नाचाच्या सभागृहात बसे. एकाच तुकडीतून असा फुंकवाद्यांचा बँडही उभा राही आणि तंतुवाद्यांचा वाद्यवृंदही.

मी हे ज्या आस्थेने लिहितो आहे त्याला कारण आहे. रोज माणसांना चालवण्यासाठी आणि रोज माणसांना नाचवण्यासाठी जो संगीत लिहितो, त्याच्या हातात लयीची एक निराळीच खात्री येते. मैफलीत बसलेला श्रोता चुकीची लय सहन करतो. चालणारा शिपाई आणि नाचणारी जोडी ती सहन करत नाही, त्यांचे पाऊल लगेच अडखळते. त्सीरर यांनी चालणारे आणि नाचणारे अशा दोन्ही मालकांची चाकरी केली. त्यांच्याच सैन्यातून चेक संगीतकार युलिउस फुचिक आले, ज्यांचा 1897 चा 'ग्लॅडिएटर्सचा प्रवेश' हा मार्च आपल्याकडे प्रत्येकाने सर्कशीच्या तंबूत ऐकलेला आहे. आणि त्यातूनच फ्रान्झ लेहार आले, ज्यांच्याविषयी पुढे लिहितो.

त्सीरर तीन वेळा लष्करात होते. 1870 ते 1873 या काळात 55 व्या पायदळ रेजिमेंटमध्ये. मग 1873 च्या व्हिएन्नाच्या जागतिक प्रदर्शनासाठी त्यांनी नोकरी सोडून स्वतःचा वाद्यवृंद उभा केला. 1875 पासून दोनेक वर्षे ते 76 व्या रेजिमेंटमध्ये होते. या दोन नोकऱ्यांवर अधिक वेळ घालवण्याची गरज नाही. खरे पर्व 1885 मध्ये सुरू झाले, जेव्हा ते 4 थ्या पायदळ रेजिमेंटचे, म्हणजे 'होख उंड डॉइचमाइस्टर'चे बँडमास्टर झाले.

1696 मध्ये उभारलेली ही रेजिमेंट व्हिएन्नाची घरची रेजिमेंट होती. तिच्यातली भरती शहरातूनच होत असे, त्यामुळे परेडवर चालणारा शिपाई गल्लीतल्या कुणाचा तरी मुलगा असे. दुपारी राजवाड्यातला पहारा बदलताना बँड वाजवत रस्त्यातून निघाला की उनाड पोरे, कामावरून सुटलेले शिकाऊ कारागीर आणि बाजाराला निघालेल्या बायका त्याच्या मागे चालू लागत. अशा शहरात या रेजिमेंटचा बँडमास्टर होणे म्हणजे नाटकगृहाच्या तिकिटाचे पैसे ज्याला कधी परवडत नाहीत अशा माणसाच्याही ओळखीचे होणे. त्सीरर यांनी या आठ वर्षांत बँडचा दर्जा इतका वाढवला की व्हिएन्नाच्या बाहेरही त्याला मागणी येऊ लागली, आणि त्यांच्या सर्वांत टिकाऊ वाल्ट्झांपैकी बरेचसे याच काळातले आहेत.

या काळातला एक प्रसंग जरा जवळून पाहण्यासारखा आहे. रिंगश्ट्रासे या रस्त्यावर व्हिएन्नाचे नवे नगरभवन 1883 मध्ये पूर्ण झाले होते, आणि तिथल्या मोठ्या सभागृहात शहराचा पहिला बॉल 12 फेब्रुवारी 1890 रोजी भरला. त्यासाठी योहान स्ट्राउस यांनी 'राटहाउसबाल-टेन्त्से', म्हणजे नगरभवनाच्या बॉलची नृत्ये, हा वाल्ट्झ लिहिला. त्सीरर यांनी 'वीनर ब्युर्गर', म्हणजे व्हिएन्नाचे नागरिक, हा लिहिला. दोन्ही एकाच रात्री पहिल्यांदा वाजले. एका बाजूला जगप्रसिद्ध घराणे आणि दुसऱ्या बाजूला रेजिमेंटचा बँड. त्या रात्री लोकांनी त्सीरर यांचा वाल्ट्झ अधिक उचलून धरला. स्ट्राउस यांची रचना आज क्वचितच कानावर येते, उलट 'वीनर ब्युर्गर' अजूनही बॉलमध्ये वाजतो. यावरून कोण श्रेष्ठ हे ठरत नाही. एवढे मात्र दिसते की नागरिकांसाठी वाल्ट्झ लिहायचा म्हटल्यावर नागरिकांच्या पायांची चाल कुणाला अधिक ठाऊक होती.

'वीनर ब्युर्गर' मी बँडला बसवला तेव्हाची आठवण सांगितल्याशिवाय हा मुद्दा पुरा स्पष्ट होणार नाही. वाल्ट्झ तीन मात्रांचा, पहिली मात्रा बासची, दुसरी आणि तिसरी हॉर्नची, हे कुठल्याही शिकाऊ वादकाला माहीत असते. माझ्या मुलांनी पहिल्या दिवशी ते अगदी मोजून, सारख्या अंतराने वाजवले आणि सगळा तुकडा कवायतीसारखा वाटला. व्हिएन्नाच्या पद्धतीत दुसरी मात्रा किंचित आधी येते आणि तिसरीआधी श्वासाइतकी मोकळीक राहते. हे कागदावर लिहिलेले नसते, ते शिकवावे लागते. मी हॉर्नवाल्या चौघांना वाद्ये खाली ठेवायला सांगितले, बासवाल्याला एकट्याला पहिली मात्रा धरायला लावली, आणि बाकीच्यांना टाळीने दुसरी मात्रा 'थोडी घाईने' आणि तिसरी 'जागेवर' द्यायला लावली. तासाभराने टाळी बसली, मग वाद्ये उचलली. मला आश्चर्य याचे वाटले की इतर संगीतकारांच्या वाल्ट्झमध्ये ही लकब चाचपडत शोधावी लागते, तर त्सीरर यांच्या चालीत ती आपोआप सापडते, कारण मुख्य धून दुसऱ्या मात्रेला जागा करून देते. आफ्टरबीट, म्हणजे या दुसऱ्या-तिसऱ्या मात्रा, वाजवणाऱ्या वादकाच्या शेजारी ज्याने वर्षानुवर्षे उभे राहून काम केले आहे, त्याच्याच हातून असे लिहिले जाते.

त्यांचा दुसरा गाजलेला वाल्ट्झ 'वीनर माडेल्न', म्हणजे व्हिएन्नाच्या मुली. त्यातली एक धून वादकांनी शीळ घालून म्हणायची आहे. 'नाख्टश्वेर्मर', म्हणजे रात्री मौजेत भटकणारे, या वाल्ट्झमध्ये तर वादकांनी गायचेही आहे आणि शीळही घालायची आहे. 2022 च्या नववर्ष मैफलीत व्हिएन्ना फिलहार्मोनिकच्या वादकांनी ते केलेले अनेकांनी पाहिले असेल. काही समीक्षक याला नुसती करामत म्हणतात. मला तसे वाटत नाही. बँडमागून चालणारी पोरे जी शीळ घालत असत, ती त्सीरर यांनी उचलून रचनेच्या आत आणून ठेवली आहे. तिथे ती अगदी घरची वाटते.

1893 मध्ये त्सीरर आपल्या वादकांना घेऊन अमेरिकेला, शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाला गेले. स्वामी विवेकानंदांचे भाषण ज्या सर्वधर्मपरिषदेत झाले, ती याच प्रदर्शनाच्या निमित्ताने त्याच वर्षी तिथे भरली होती, हे आपल्या वाचकांना लक्षात ठेवायला सोपे जाईल. प्रदर्शनात 'जुने व्हिएन्ना' नावाची एक वस्ती उभारली होती आणि डॉइचमाइस्टरचे संगीत हे तिथले आकर्षण होते. पुढे दौरा लांबला, आणि त्या ओघात रेजिमेंटची नोकरी कायमची सुटली. पन्नाशीला आलेल्या माणसाला त्याच्या कीर्तीचा आधार असलेली जागा अशी गमवावी लागली. सेवेतून बाहेर पडलेल्या बँडमास्टरची स्थिती मी जवळून पाहिली आहे. कालपर्यंत पन्नास माणसे ज्याच्या छडीकडे पाहत असतात, त्याला आज एक माणूस जमवण्यासाठी पदरमोड करावी लागते. त्सीरर यांनी मात्र पुन्हा स्वतःचा वाद्यवृंद बांधला आणि दौरे काढले. ऑपेरेट्टांकडे त्यांनी पूर्ण ताकदीने लक्ष दिले ते यानंतर.

ऑपेरेट्टा म्हणजे काय हे एका वाक्यात सांगायचे तर संवाद बोलून दाखवायचे, भावना गाऊन दाखवायची आणि मधे नाच, असे हलकेफुलके नाटक. आपल्या संगीत नाटकाच्या प्रेक्षकाला हा साचा परका वाटू नये. फरक इतकाच की तिथे पद थांबवून रंगवले जात नाही, धून पुढे पळते आणि तिच्यावर लोक नाचतात. त्सीरर यांनी वीसहून अधिक ऑपेरेट्टा लिहिल्या. तरुणपणापासून ते या प्रकारात प्रयत्न करत होते, आणि 1888 मध्ये तर 'आइन डॉइचमाइस्टर' या नावाने त्यांनी आपल्या रेजिमेंटलाच रंगमंचावर आणले. मोठे यश मात्र 1899 च्या जुलैत आले. योहान स्ट्राउस जाऊन तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते.

ती ऑपेरेट्टा 'दी लांटश्ट्राइखर', म्हणजे भटके. प्राटर उद्यानात गाबोर स्टाइनर या व्यवस्थापकाने 'व्हिएन्नातले व्हेनिस' नावाची करमणूकनगरी उभारली होती. कालवे, त्यांत होड्या, काठावर नाटकगृह. तिथल्या उन्हाळी रंगभूमीवर हा प्रयोग झाला. फ्लीडरबुश नावाच्या फिरस्त्या नवरा-बायकोला रस्त्यात हजार मार्कांची नोट आणि दागिना सापडतो, आणि फाटक्या कपड्यांतल्या माणसाकडे एवढी मोठी नोट पाहून जग त्यांच्याशी कसे वागते यावर सगळा गोंधळ उभा राहतो. गोष्ट साधी, पण त्सीरर यांच्या स्वभावाला नेमकी जुळणारी. राजवाड्यातल्या प्रेमकथेपेक्षा रस्त्यावरच्या जोडप्याचे गाणे त्यांना अधिक सहज सुचते. या ऑपेरेट्टेचे सुरुवातीचे संगीत, म्हणजे ओव्हर्चर, 2020 च्या नववर्ष मैफलीत पहिलेच वाजले. त्या स्टाइनर यांचा मुलगा मॅक्स हा पुढे अमेरिकेत गेला आणि 'किंग काँग'चे पार्श्वसंगीत त्याने लिहिले. व्हिएन्नाच्या उद्यानातले संगीत हॉलीवूडपर्यंत पोचण्याची ती एक वाट आहे.

1902 मध्ये 'थिएटर आन डेर वीन'ला 'डेर फ्रेम्डेनफ्युरर', म्हणजे प्रवाशांचा वाटाड्या, आली. 1904 मध्ये 'डेर शेट्समाइस्टर' आली, आणि तिच्या धुनांवरून 'हेराइनश्पात्सिर्ट!' हा वाल्ट्झ तयार झाला. 'या, आत या!' असा त्याचा अर्थ, जत्रेतल्या तंबूच्या दारावरची हाकाटी. ऑपेरेट्टा आज विस्मरणात गेली आहे, पण तो वाल्ट्झ जिवंत आहे, आणि त्सीरर यांच्या रंगभूमीवरच्या कामाचा खरा हिशेब यात दिसतो. सोळा मापांची धून घडवण्यात त्यांचा हात धरणारे फार थोडे होते. पण अंकाच्या अखेरीस पाच पात्रे एकाच वेळी निरनिराळ्या मनःस्थितीत गात असताना संगीताने नाट्य चढवत न्यायचे असते, तिथे ते कमी पडतात. तिथे त्यांचे संगीत थांबून पुढच्या नाचाची वाट पाहते. त्यांच्यावर प्रेम असूनही मला हे मान्य करावे लागते.

ती उणीव उघडी पडली ती लेहार यांच्यामुळे. लेहार हेही बँडमास्टरचे पुत्र आणि स्वतः बँडमास्टर. 1902 मध्ये त्यांनी लष्कर सोडले आणि 30 डिसेंबर 1905 रोजी त्यांची 'आनंदी विधवा' रंगमंचावर आली. तिच्यातला वाल्ट्झ नायक-नायिकेच्या मनातले, ते स्वतः बोलू शकत नाहीत ते बोलतो. त्यानंतर ऑपेरेट्टेकडून प्रेक्षकांची अपेक्षाच बदलली. त्सीरर लिहीत राहिले, त्यांच्या काही ऑपेरेट्टा न्यूयॉर्कलाही वेगळ्या नावांनी झाल्या, पण आघाडी आता त्यांच्याकडे नव्हती.

एक मान मात्र या उतारवयात मिळाला. राजदरबाराच्या बॉलचे संगीतसंचालक हे पद आधी थोरले योहान स्ट्राउस, मग धाकटे योहान, मग त्यांचे बंधू एडुआर्ड यांच्याकडे होते. एडुआर्ड 1901 मध्ये निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी ते त्सीरर यांना दिले गेले. 1918 मध्ये साम्राज्यच संपले, त्यामुळे या पदावरचे ते शेवटचे ठरले. महायुद्ध आणि त्यामागून आलेली महागाई यांत त्यांची शिल्लक गेली, आणि 14 नोव्हेंबर 1922 रोजी व्हिएन्नातच गरिबीत त्यांचे निधन झाले. शहराने त्यांना मध्यवर्ती दफनभूमीत सन्मानाची जागा दिली.

तेव्हा स्ट्राउस यांच्याशी तुलनेचे उत्तर असे. धाकटे योहान स्ट्राउस वाल्ट्झला मैफलीत बसून ऐकण्याच्या उंचीवर घेऊन गेले. त्यांच्या प्रस्तावनेतच एक लहान चित्र उभे राहते. त्सीरर त्या वाटेने गेलेच नाहीत. त्यांची प्रस्तावना आटोपशीर असते आणि ते लवकरात लवकर नाचणाऱ्याला नाचाच्या जागेवर बोलावतात. अनुकरण करणारा माणूस मूळ कलाकाराच्या सर्वांत उठून दिसणाऱ्या गोष्टी आधी उचलतो, आणि त्सीरर यांनी नेमक्या त्याच उचललेल्या नाहीत. आजही व्हिएन्नाच्या ऑपेरा बॉलमध्ये पांढऱ्या पोशाखातल्या मुली आणि त्यांचे जोडीदार सभागृहात प्रवेश करतात ते त्सीरर यांच्या 'फेखर पोलोनेझ'वर, म्हणजे पंख्यांच्या पोलोनेझवर. पोलोनेझ म्हणजे जोडीजोडीने रांगेत चालत करायचे संथ नृत्य. शेकडो जोड्यांना एका चालीत, रांग न मोडता आत आणणारे संगीत हवे असेल तर ते रेजिमेंटच्या बँडमास्टरकडून घ्यावे, हे मला अगदी स्वाभाविक वाटते.

राहिला बँडला बसवण्याचा प्रश्न. सुरुवात 'श्यॉनफेल्ड मार्च'पासूनच करावी. आंटोन फॉन श्यॉनफेल्ड या ऑस्ट्रियन सेनापतीच्या नावाने तो लिहिलेला आहे. दोन गोष्टी मात्र सांभाळाव्यात. आपले बँड इंग्रजी पद्धतीवर वाढले, त्यामुळे मुख्य धून कॉर्नेटला, म्हणजे ट्रम्पेटसारख्या आखूड पितळी वाद्याला, देण्याची आपल्याला सवय आहे. ऑस्ट्रियन बँडमध्ये ती फ्लूगलहॉर्न या त्याच जातीच्या, पण रुंद नळीच्या वाद्याकडे असते आणि त्याचा आवाज अधिक गोल, मऊ असतो. फ्लूगलहॉर्न नसेल तर कॉर्नेटवाल्यांना जोर कमी करायला सांगून क्लॅरिनेट थोडे पुढे घ्यावेत, म्हणजे धारदारपणा कमी होतो. दुसरे, मिनिटाला 120 पावलांची आपली लय इथे घाईची होते. किंचित संथ घेतला तरच ट्रायोमधली, म्हणजे मार्चच्या पुढच्या संथ-गोड भागातली, धून नीट गाते आणि साइड ड्रमचे बारीक काम ऐकू येते.

वाल्ट्झ लगेच हाती घेऊ नये. मार्च बसल्यावर 'हेराइनश्पात्सिर्ट!' घ्यावा, 'वीनर ब्युर्गर' त्यानंतर. त्सीरर यांना जाऊन शंभर वर्षे उलटल्यामुळे मूळ रचनांवर आता हक्काचे बंधन नाही, पण अलीकडे कुणी केलेल्या मांडणीवर ते असू शकते, म्हणून स्वरलिपी घेताना मांडणी कुणाची आणि कोणत्या काळातली हे पाहून घ्यावे. आणि हॉर्नवाल्यांची टाळी पहिल्या तालमीपासूनच सुरू करावी. ती अंगवळणी पडायला किमान चार-पाच बैठका लागतात.